पंच क्रमांक 1: झेरॉक्सच्या दुकानातून साक्षीच्या पिंजऱ्यात

पार्श्वभूमी

ज्युरीत, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांत, बसायचं बोलावणं महाराष्ट्रात आता कुणाला येत नाही. 1959 साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नानावटी खटल्यातल्या ज्युरीने 8 विरुद्ध 1 असा निर्दोषतेचा कौल दिला. न्यायाधीशांना तो पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. (हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही, नंतरही काही ठिकाणी ज्युरी बसत होत्या.) 1 एप्रिल 1974 पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मात्र ज्युरीला जागाच ठेवली नाही. मुंबईच्या पारशी वैवाहिक न्यायालयात न्यायाधीशांबरोबर पाच प्रतिनिधी बसतात, तेवढाच काय तो अवशेष. बाकी ज्याचं फिर्यादीशी काही नातं नाही आणि आरोपीशीही नाही, अशा माणसाला फौजदारी कोर्टात नेणारी मुख्य गोष्ट उरली ती पंचनाम्यावरची सही.

हे प्रकरण अशाच एका सहीचं आहे. नाव बदललं आहे, गावं गाळली आहेत.

सुभाषरावांचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, पोलीस स्टेशनच्या समोरच्या ओळीत होतं. ठाण्याच्या झेरॉक्स त्यांच्याकडेच व्हायच्या, महिन्याच्या उधारीवर. पंच हवा असला की हवालदार रस्ता ओलांडून येई. “शेठ, जरा अर्धा तास या.” 2017 ते 2021 या चार वर्षांत त्यांनी अकरा पंचनाम्यांवर सह्या केल्या. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता: गिऱ्हाईकही तेच आणि शेजारीही तेच.

नोव्हेंबर 2019 मध्ये घरफोडीच्या एका गुन्ह्यात आरोपी अटकेत होता. दागिने कुठे पुरलेत ते दाखवतो असं तो म्हणतोय, म्हणून सुभाषरावांना दुपारी साडेचारनंतर बोलावलं. दुसरा पंच चहाच्या टपरीवरचा एक तरुण. अशा वेळी दोन कागद होतात. आरोपी काय दाखवणार आहे ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, हा निवेदन पंचनामा. मग त्याने नेलेल्या जागी जे सापडलं त्याचा जप्ती पंचनामा. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 27 प्रमाणे पोलिसांपुढच्या कबुलीतला फक्त तेवढाच भाग चालतो ज्यातून प्रत्यक्ष काही सापडलं. “मी चोरी केली” हे वाक्य कोर्टात चालत नाही. “पिशवी पुरलेली जागा दाखवतो” हे चालतं. 1946 पासून, प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) कोट्टय्या निकालापासून, ही रेघ तशीच आहे.

निवेदन 4.50 ते 5.15 या वेळात लिहून झालं. जीप 5.20 ला निघाली, नऊ किलोमीटरवर कालव्याशी पोचायला पावणेसहा झाले. नोव्हेंबरात तिकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आरोपीने बाभळीच्या बुंध्याशी खुरप्याने उकरलं तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. दीड वीत खाली काळी प्लॅस्टिकची पिशवी निघाली. आत मंगळसूत्र आणि दोन बांगड्या. तराजू कुणी आणला नव्हता, वजन “अंदाजे 15 ग्रॅम” लिहिलं. पंचनाम्याची पहिली दोन पानं जीपच्या बॉनेटवर झाली. तिसरं पान, लाखेचं सील आणि लेबलांवरच्या सह्या ठाण्यात परतल्यावर, पावणेआठला. शेवटच्या पानावर मात्र लिहिलं होतं: “सदर पंचनामा जागेवर लिहून पूर्ण केला.” ते पान सुभाषरावांनी न वाचता सही केलं.

दुकानात परतल्यावर त्यांनी कच्च्या वहीत नेहमीसारखी एक ओळ लिहिली: “4.35 ते 8.10 बंद. पो. स्टे. पंच. कालवा.” शेजारी गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) टाकला. हा त्यांचा शिरस्ता होता, पण दर वेळी पाळलेला नाही.

अडचण

2021 मध्ये दुकान बंद झालं. लॉकडाऊनने धंदा मोडला आणि ते 110 किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या शहरात, सासुरवाडीच्या आधाराने, नव्याने मशीन टाकून बसले. ठाण्याला नवा पत्ता कळवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही, सुचलंही नाही.

खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होता. दोषारोपपत्र 2020 च्या सुरुवातीला, आरोप निश्चिती 2022 मध्ये, साक्षी 2023 मध्ये सुरू. टपरीवाला तरुण डिसेंबर 2023 मध्ये पिंजऱ्यात उभा राहिला आणि ठरलेलं वाक्य बोलला: सही माझी आहे, मजकूर माहीत नाही. फितूर. आता जप्ती शाबीत करायला उरले पंच क्रमांक 1 आणि तपास अधिकारी.

फेब्रुवारी 2024 मध्ये निघालेलं समन्स जुन्या दुकानाच्या पत्त्यावर गेलं. शेजारच्या सलूनवाल्याने ते घेतलं आणि गल्ल्याच्या खणात ठेवलं. अहवालात “तामील” असा शेरा पडला. तारखेला साक्षीदार गैरहजर, पुढच्या तारखेलाही गैरहजर, म्हणून जूनमध्ये 2,000 रुपयांचं जामीनपात्र वॉरंट निघालं. जुलैत नव्या शहरातल्या ठाण्याचा पोलीस ते घेऊन दुकानात आला. गिऱ्हाइकांसमोर “वॉरंट” हा शब्द निघाल्यावर पुढचे दोन दिवस आजूबाजूच्या दुकानांत काय चर्चा झाली असेल ते सांगायला नको.

त्याच आठवड्यात आरोपीचा चुलतभाऊ येऊन बसला. धमकी वगैरे काही नाही. चहा घेतला, मुलांची चौकशी केली. “दादा, पाच वर्षं झाली. आठवत नाही म्हणालात तर तुमचं काय जातंय? दुसरा पंच तेच म्हणाला.” दुसऱ्या बाजूने जुन्या ठाण्याच्या कोर्ट ड्युटीच्या हवालदाराचा फोन: “शेठ, पंचनाम्याचा फोटो पाठवतो. नीट पाठ करून या. केस तुमच्यावरच आहे.”

तिसरी गोष्ट, जी या दोघांनाही सांगता येत नव्हती, ती अशी की सुभाषरावांना खरोखरच अर्धंमुर्धं आठवत होतं. कालवा, बाभूळ, टॉर्च, पिशवी पक्की आठवत होती. आरोपीचा चेहरा नाही. आणि शेवटचं पान ठाण्यात लिहिलं गेलं हेही आठवत होतं.

समोरचे पर्याय

वॉरंटबाबत पहिला सल्ला मिळाला तो “वकील लावा” असा. वकिलाने 3,000 रुपये सांगितले. दुसरा सल्ला “बघू, पुन्हा आले की जाऊ” हा. तो धोक्याचा होता. साक्षीदाराने विनाकारण गैरहजर राहिल्याबद्दल फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 350 खालचा दंड जेमतेम 100 रुपये (1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 500), त्यामुळे लोकांना ही बाब किरकोळ वाटते. पण जामीनपात्र वॉरंटही धुडकावलं की पुढचं अजामीनपात्र निघतं, आणि मग पोलीस धरून नेतात. तिसरा मार्ग: तारखेला स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. साक्षीदाराला यासाठी वकील लागत नाही, सरकारी वकील असा अर्ज पुढे करतात.

इथे एक मुद्दा सुभाषरावांच्या बाजूचा होता आणि त्यांना तो माहीतच नव्हता. जुन्या संहितेच्या कलम 64 प्रमाणे माणूस सापडला नाही तर समन्स त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडे देता येतं. नोकरसुद्धा चालत नाही, मग शेजारचा सलूनवाला कसा चालेल? म्हणजे ती तामील मुळातच तामील नव्हती. (नव्या संहितेने “पुरुष” हा शब्द काढला, आता घरातली प्रौढ बाईही समन्स घेऊ शकते. शेजारी अजूनही बाहेरच.)

साक्षीबाबत तीन वाटा. फितूर होणं: सोपं, रोजचं, आणि खोट्या साक्षीचा खटला क्वचितच होतो हे सगळ्यांना ठाऊक. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली (जुन्या दंड संहितेतलं कलम 193) सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि “सही माझी, मजकूर माहीत नाही” हे त्यांच्या बाबतीत धडधडीत खोटं ठरलं असतं. दुसरी वाट हवालदाराची: पंचनामा पाठ करून जसाच्या तसा म्हणून दाखवायचा. ही वाट सरळ दिसते आणि फसते. पाच वर्षांनंतर बांगडीवरच्या नक्षीपर्यंत सगळं सांगणारा पंच बचावाच्या वकिलाला हवाच असतो. दोन प्रश्न पाठांतराबाहेरचे विचारले की तो गप्प होतो, आणि मग जे त्याने खरोखर पाहिलं तेही पोपटपंचीत जमा होतं. शिवाय पाठ केलेल्या मजकुरात “जागेवर लिहून पूर्ण केला” हे वाक्यही होतंच.

तिसरी वाट: आठवतं तेवढं सांगायचं, बाकीच्याला “आठवत नाही” म्हणायचं. त्यांनी ती धरली. हा निर्णय थोर वगैरे नव्हता. दोन्हीकडच्या लोकांना तोंड दाखवायचं होतं आणि खोटं नीट बोलता येत नाही हे त्यांना स्वतःबद्दल माहीत होतं.

काय केलं, क्रमाने

वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसासमोरच जामीन कदबा (हजर राहण्याची लेखी हमी) झाला. शेजारचा स्टेशनरीवाला जामीनदार. दोघांच्या आधारच्या प्रती सुभाषरावांनी स्वतःच्याच मशीनवर काढल्या. हजर राहण्याची तारीख 8 ऑगस्ट.

मग त्यांनी मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घेतलं. वॉरंटवर खटला क्रमांक होता, त्यावरून सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला. तो एकदा जपून ठेवला की पुढची तारीख, टप्पा, कोर्ट सगळं घरबसल्या दिसतं. हवालदाराच्या “उद्या या” वर विसंबायचं कारण उरत नाही.

अर्ज एका पानाचा केला. खटला क्रमांक, मी पंच साक्षीदार, 2021 पासून अमुक पत्त्यावर, समन्स मला मिळालं नाही, शेजाऱ्याने घेतल्याचं आता समजलं, वॉरंट रद्द करावं, नवा पत्ता व मोबाइल नोंदवावा. सोबत नव्या दुकानाचा गुमास्ता दाखला आणि भाडेकरार. 8 ऑगस्टला सकाळी साडेदहाला ते सहायक सरकारी वकिलांच्या टेबलाशी गेले. वकिलांनी अर्जावर हरकत नसल्याचं लिहिलं, पुकारा झाला, वॉरंट दंडाशिवाय रद्द. सगळं मिळून चार मिनिटं.

साक्ष मात्र झाली नाही. बचावाचे वकील आजारी, तारीख हवी. जुन्या संहितेचं कलम 309 सांगतं की साक्षीदार हजर असताना खास कारण नोंदवल्याशिवाय तहकुबी देऊ नये, आणि खर्चही बसवता येतो. सरकारी वकिलांनी खर्च मागायला हवा होता. मागितला नाही. पुढच्या तारखेची समज देऊन सही घेतली. 3 सप्टेंबरला, ऐन गणपतीच्या तोंडावर, झेरॉक्सवाल्याच्या हंगामात, पुन्हा 110 किलोमीटर. न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख 27 सप्टेंबर, आणि त्या दिवशी साक्ष झाली.

चुलतभावाची भेट त्यांनी 8 ऑगस्टलाच सरकारी वकिलांना सांगितली. धमकी नव्हती म्हणून तक्रार झाली नाही. पण “तुम्हाला कुणी भेटलं होतं का” हा प्रश्न पुढे आलाच असता तर तो सरकारी वकिलांना पिंजऱ्यात पहिल्यांदा ऐकावा लागला नसता. धमकी असती तर गोष्ट वेगळी. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो.

कच्ची वही न्यायची का, हा खरा पेच होता. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 159 प्रमाणे साक्षीदाराला त्या वेळी स्वतः केलेली नोंद पाहून स्मरण ताजं करता येतं. पण कलम 161 प्रमाणे तो कागद समोरच्या वकिलाने मागितला तर दाखवावा लागतो. आणि त्याच पानावर, दोन ओळी वर: “पो. स्टे. झेरॉक्स बाकी 340.” म्हणजे वही उघडली की बचावाला पोलिसांचं उधारखातं आयतं सापडणार. सरकारी वकिलांनी सांगितलं, वही पिशवीत राहू दे, पण उधारीबद्दल विचारलं तर लपवू नका. पंचनामा मात्र बाहेर बाकावर बसून एकदा वाचून घ्या. साक्षीआधी पंचनामा वाचणं बेकायदा नाही. वाचून “वाचला नाही” म्हणणं नडतं.

पिंजऱ्यातला पाऊण तास

सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, दहा मिनिटांत झाली. दुपारी बोलावलं, आरोपी काय म्हणाला, कुठे गेलो, काय निघालं. आरोपीचे नेमके शब्द विचारल्यावर: “कालव्याजवळ पुरलंय, दाखवतो, असं काहीतरी. शब्द जसेच्या तसे आठवत नाहीत.” आरोपी समोर उभा होता, दाढी वाढलेला. “हाच का तो?” “चेहऱ्यावरून सांगता येणार नाही.” सरकारी वकिलांनी मान खाली घातली. फितूर जाहीर करायची परवानगी मागावी की नाही, याचा त्यांनी क्षणभर विचार केला असणार. मागितली नाही, आणि ते शहाणपणाचं ठरलं. आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी सुरू केली असती तर बाकीची भक्कम साक्षही डागाळली असती. आरोपी त्या दिवशी पोलीस कोठडीत होता हे अटकेच्या कागदांवरून आणि तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून येणारच होतं.

दागिने फिर्यादीला सुपूर्तनाम्यावर (लेखी हमीवर) परत गेले होते. मुद्देमालातून आली ती रिकामी काळी पिशवी, तिला चिकटलेले लाखेचे तुकडे आणि लेबल. पाच वर्षांत लेबलावरची निळी शाई जांभळट पांढरी पडली होती, पण “सु” ची वेलांटी दिसत होती. “सही माझी. पिशवी अशीच होती. हीच का ते सांगता येणार नाही, अशा पिशव्या सगळीकडे मिळतात.”

मग उलटतपासणी. बोलावण्याची लेखी नोटीस मिळाली होती का? नाही. (बऱ्याच पंचांना वाटतं की नाही म्हटलं तर गुन्हा होतो. झडतीच्या पंचाने सबळ कारणाशिवाय नकार दिला तर जुन्या संहितेचं कलम 100(8) लागू होतं, पण त्यासाठी लेखी आदेश दिलेला असावा लागतो. आणि आरोपीने दाखवलेल्या वस्तूची जप्ती ही झडती नव्हे. तिथे पंच घेणं ही कायद्याची सक्ती नसून खबरदारीची रीत आहे.) पोलीस स्टेशन तुमचं गिऱ्हाईक होतं? होय. उधारी होती? होय. याआधी किती पंचनामे? “आठ-दहा झाले असतील.” बचावाला हवा होता तो “सवयीचा पंच” इथे मिळाला. पण उत्तर विनासायास आल्यामुळे त्यातली धार गेली. हेच उत्तर तीन नकारांनंतर निघालं असतं तर निकालपत्रात त्यावर एक परिच्छेद पडला असता.

वजनावर जोर होता. पंचनाम्यात 15 ग्रॅम, दुसऱ्या दिवशी सराफाकडे 13.8. “तराजू नव्हता. अंदाज पोलिसांनी सांगितला.” शेवटी मुख्य घाव: तिसरं पान कुठे लिहिलं? “ठाण्यात.” सील कुठे केलं? “ठाण्यात.” पंचनाम्यात जागेवर पूर्ण केल्याचं लिहिलंय ते खोटं? “शेवटचं पान मी वाचलं नव्हतं. पहिली दोन पानं जागेवर झाली, जीपच्या पुढच्या भागावर ठेवून. अंधार पडला म्हणून निघालो.” त्यानंतरच्या “हे म्हणणे खोटे आहे की...” छापाच्या सूचनांना, म्हणजे बचावाने सुचवलेल्या विधानांना, नेहमीचीच नकारार्थी उत्तरं.

साक्ष टाइप होऊन आली. इथे बहुतेक साक्षीदार दमलेले असतात आणि दाखवतील तिथे सही करतात. जुन्या संहितेच्या कलम 278 प्रमाणे साक्ष वाचून दाखवायची असते आणि चूक असेल तर साक्षीदाराला ती सांगता येते. सुभाषरावांनी स्वतः वाचायला मागितली. “कालव्याच्या डाव्या तीरावर” ऐवजी “उजव्या” पडलं होतं. न्यायाधीशांनी दुरुस्ती केली, तिथे सही घेतली. जागेच्या नकाशाशी ही एक ओळ जुळली नसती तर सगळ्या जप्तीवर शंका आली असती, आणि ती टाइपिंगची चूक होती हे कुणालाच कळलं नसतं.

निकाल

एप्रिल 2025 मध्ये निकाल लागला. पंचाला कुणी कळवत नाही. ॲपवर “निकाली” दिसलं म्हणून त्यांनी आदेश उतरवून घेतला. घरफोडी आणि चोरीच्या कलमांतून आरोपी सुटला, चोरीचा माल बाळगल्याबद्दल जुन्या दंड संहितेच्या कलम 411 खाली दोषी, एक वर्ष सश्रम कारावास आणि दंड.

जागा सर्वांना खुली होती हा बचाव टिकला नाही. प्रश्न जागा खुली होती का हा नसतो, वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होती का हा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये जीत सिंग प्रकरणात हे सांगितलं आहे, आणि दीड वीत मातीखालची पिशवी कुणाला दिसत नाही. सील ठाण्यात झालं हा दोष कोर्टाने नोंदवला, तपास अधिकाऱ्यावर ताशेरा ओढला, पण दागिने फिर्यादीने ओळखले असल्याने जप्ती फेकून दिली नाही. शेवटच्या पानाबद्दलच्या कबुलीमुळे पंचाची बाकीची साक्ष जास्त विश्वासार्ह ठरली, असा निकालपत्राचा सूर आहे. खटला जुन्या संहितेखालीच चालला, कारण 1 जुलै 2024 ला तो प्रलंबित होता. आरोपीचं अपील सत्र न्यायालयात आहे. तिथे पंचाला सहसा पुन्हा बोलावत नाहीत, झालेल्या साक्षीचे कागदच वाचले जातात.

सुभाषरावांच्या तीन फेऱ्यांत एसटीला दर वेळी जाऊन-येऊन सव्वातीनशे रुपयांच्या आसपास गेले आणि तीन दिवस दुकान बंद राहिलं. भत्ता दोनच फेऱ्यांचा मिळाला. 3 सप्टेंबरला न्यायाधीश नव्हते म्हणून ते तसेच परतले. बेंच क्लार्ककडे हजेरी नोंदवली नाही, दाखला घेतला नाही, तिकीटही फेकलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात जास्त फरक पडला असता तो 27 सप्टेंबरच्या तयारीने नव्हे, 2019 च्या त्या संध्याकाळी. तिसऱ्या पानावर सही करण्याआधी “साहेब, हे पान ठाण्यात लिहिलंय, तसं टाका” एवढं म्हणता आलं असतं. वेळ आणि ठिकाण खरं लिहिलं तर पंचनामा कमजोर होत नाही. अंधारामुळे उरलेलं ठाण्यात पूर्ण केलं, हे कारण कोणत्याही कोर्टाला पटतं. अधिकारी हे टाळतात कारण छापील नमुन्यात “जागेवर” आधीच असतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचं केलं आहे, त्यामुळे इथून पुढे असं वाक्य चित्रणाशी ताडून पाहिलं जाईल.

पोलिसांच्या बाजूने पाहिलं तर रोज समोर दिसणारा दुकानदार पंच म्हणून घेणं हीच मोठी चूक. तो सोयीचा असतो, आणि सोयीचा आहे म्हणूनच बचावाच्या कामाचा. साधा वजनकाटाही जीपमध्ये नव्हता, 1.2 ग्रॅमच्या फरकावर दहा मिनिटं उलटतपासणी चालली.

पत्ता बदलल्यावर ठाण्याला साध्या अर्जाने कळवून पोच घेतली असती तर वॉरंटच निघालं नसतं. आता समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही येऊ शकतं, पण त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही असायला हवी. नुसता “उद्या या” असा व्हॉट्सॲप संदेश समन्स नव्हे. मोबाइल क्रमांक बदलला असेल तर तोही कळवावा लागतो.

चुलतभावाला चहा पाजण्याबद्दल दोन मतं होऊ शकतात. सुभाषरावांनी तेव्हा हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही, आणि तो माणूस होकार समजून गेला. निकालानंतर गावच्या लग्नात तो बोलला नाही.

अकरा पंचनाम्यांपैकी बाकीच्यांचं काय झालं, हे सुभाषरावांनी निकालानंतर शोधायला घेतलं. ई-कोर्ट्सवर पंचाच्या नावाने शोध होत नाही. पक्षकाराचं नाव, खटला क्रमांक किंवा पोलीस स्टेशन, वर्ष आणि गु.र.नं. यांपैकी काहीतरी हाताशी लागतं. सात निकाली निघाले. दोन सुरू आहेत, एकाची पुढची तारीख त्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. उरलेल्या दोन पंचनाम्यांचे गु.र.नं. वहीत लिहिलेले नाहीत.